आज कोन मरनं?

सतराव्या वर्षी मी रोज दुपारी साडेतीन ते पाच रडत असे. पाचला नळाला पाणी यायचं, म्हणून नायिकेनं त्याच्या आत मरणं सोयीचं पडे. काही नायिका मात्र भारी चिवट असत. छातीत कळ येऊन पलंगावर आडव्या झाल्या तरी चाळीस-चाळीस पानं बोलत राहात. तशा दिवशी मी पुस्तक पालथं घालून ठेवी, दोन हंडे आणि चार कळशा भरून येई, हात पुसून पुन्हा बसे आणि राहिलेलं रडणं उरकून टाकी.

हे आठवायचं कारण माझी नात. ती सध्या तसलीच पुस्तकं वाचते. तिच्या पुस्तकांतली पोरं-पोरी मोबाइलवर बोलतात, कॉफी पितात, पण मरतात आमच्यासारखीच, ऐन प्रेमात. परवा डोळे सुजवून बसली होती. मी विचारलं, "काय गं, आज कोण मेलं?" तर केवढी चिडली. "आजी, तुला नाही कळणार ते." मी चहा टाकायला उठले. न कळायला काय झालं? एका कादंबरीचा शेवट तर मी स्वतःच केलेला आहे, आणि इतकी वर्षं झाली तरी तो माझ्या घशाखाली उतरलेला नाही.

तेव्हा आम्ही जळगावला राहात होतो. आबा, म्हणजे माझे वडील, एका डाळ मिलमध्ये कामाला होते. मूळ गाव पारोळ्याच्या बाजूचं, पण नोकरीपायी शहरात दोन खोल्या भाड्यानं घेतलेल्या. पुढे ओटा, मागे न्हाणी. आई मी दहा वर्षांची असताना गेली. त्याच वर्षी आबा आपल्या धाकट्या बहिणीला, माझ्या आत्याला, गावाहून घेऊन आले. आत्याचा नवरा त्याआधीच तापानं गेला होता. ती तेव्हा बावीस वर्षांची. मूल नाही. एक पत्र्याची पेटी आणि एक सूप घेऊन ती आमच्या दारात उतरली, आणि पहिलं काय केलं असेल तर माझ्या केसांत हात घालून म्हणाली, "अरे देवा, हाई तं जंगल शे." मग उन्हात बसवून तिनं ते जंगल विंचरलं. आई गेल्यावर मला पहिल्यांदा कोणी तरी हात लावला तो असा, उवा काढायला.

मी दिसायला बेताची होते, पण कादंबरीच्या नायिकेला लागणारं बाकी सगळं भांडवल माझ्याकडे होतं. आई नाही. वडील अबोल. मॅट्रिक होऊन घरात बसलेली. केस लांब, आत्याच्या कृपेनं. नायक तेवढा कमी पडत होता. तो मी वाचनालयात शोधला.

वाचनालयाच्या काउंटरवर एक तरुण बसे. त्याला बारा महिने सर्दी असायची. ती सर्दी आहे असं माझ्या मनातही आलं नाही. मला ते गुप्त दुःख वाटे. तो नाक ओढून तारखेचा शिक्का मारी, तेव्हा मी समजे, दाबला बिचाऱ्यानं हुंदका. दोन वर्षांत तो माझ्याशी एकूण तीन वाक्यं बोलला. "पावती आणली का?", "हे बाहेर गेलंय", आणि तिसरं पुढे येईलच. एवढ्या सामानावर मी रोज ओट्यावर बसून त्याच्यासाठी झुरत असे. झुरणं मला छान जमायचं. पोळ्या जमत नव्हत्या.

पण वाचणं माझं एकटीचं नव्हतं. मिलमधून आबा निवडायला तुरीची डाळ घरी आणत; त्यातलीच थोडी आमच्या घरी शिजे. दुपारी आत्या ओट्यावर बसून सुपात डाळ घेई, खडे आणि काळे दाणे वेचून काढी, आणि मी तिला मोठ्यानं कादंबरी वाचून दाखवी. आत्याला अक्षर येत नव्हतं. शहरात येऊन सात वर्षं झाली तरी तिची बोली गावाचीच राहिली होती, आणि नायिकांशी ती त्याच बोलीत बोलायची.

"हाई बाई जेवस का नही?" ती मध्येच विचारी.

"आत्या, ती विरहात आहे."

"मंग? विरहमा भूक लागत नही का? इतलं रडाले टाईम कसा भेटस हिले? घरना भांडा कोन घासस?"

"मोलकरीण आहे त्यांच्याकडे."

"मंग ते मोलकरीननं सांग ना. तिनं काय व्हयनं?"

मोलकरणीचं काय झालं ते कोणत्याच कादंबरीत नसायचं. मी कपाळाला हात लावून पुढे वाची. पण आत्या जरी अशी टोचत असली तरी शेवटाजवळ यायला लागलं की गप्प होई. सुपातली बोटं हळू होत होत थांबत. डोळे समोरच्या भिंतीवर. मग नायिका मरे, आत्या नाक पुसे, आणि पाण्याची वेळ झाली म्हणून डाळ तशीच गोळा करून डब्यात भरे.

याचा परिणाम रात्रीच्या जेवणात दिसायचा. आबांच्या दाताखाली कचकन खडा यायचा. ते घास थांबवत, खडा काढून ताटाच्या कडेला लोणच्याशेजारी ठेवत आणि अगदी गंभीरपणे विचारत, "आज कोन मरनं?"

आम्ही दोघी पदरात तोंड घालून हसायचो. आत्या सांगायची, "डॉक्टरनी बायको." किंवा, "ती सतारवाली." आबा मान हलवत. "चांगली व्हती बिचारी," म्हणत आणि पुढचा घास घेत. दिवसभरात आमच्या घरात एवढंच काय ते बोलणं व्हायचं, पण ते रोज व्हायचं. मिलचा मुकादमही म्हणे एकदा आबांना म्हणाला होता, तुमच्या घरून येणाऱ्या पोत्यांचं काही कळत नाही. आठवडाभर सोन्यासारखी डाळ, आणि मध्येच एखादं पोतं सगळं खड्यांचं. आबांनी त्याला कारण सांगितलं नाही.

मग तो ड्रायव्हर आला.

आमच्या शेतकरी घरांत विधवेला दुसरं घर करता येत असे. त्याला पाट म्हणत. मांडव नाही, वाजंत्री नाही. चार माणसं बसत, नवं लुगडं देत, की झालं. एक गोष्ट मात्र होती. पहिल्या लग्नात मुलीला कोणी विचारत नसे, पाटाला बाईच्या स्वतःच्या तोंडून हो यावं लागे. हा माणूस धुळ्याचा. एस.टी.त ड्रायव्हर. धुळे-जळगाव गाडी चालवायचा. बायको दोन वर्षांपूर्वी गेलेली, मूल नाही. आबांच्या ओळखीतून निरोप आला आणि एका सोमवारी दोन फेऱ्यांच्या मधल्या वेळात तो खाकी कपड्यांतच घरी आला. आबा त्यासाठी मिलमधून अर्धी सुटी काढून थांबले होते.

मी दाराआडून पाहिलं आणि माझी घोर निराशा झाली. डोक्यावर टक्कल. हाताला डिझेलचा वास. खुर्चीच्या अगदी कडेवर बसला होता, जसं काही तिकीट काढलेलं नाही. कादंबरीतला पुरुष बाईकडे बघून चंद्राबद्दल बोलतो, हा आबांना म्हणाला, "मनी गाडी सव्वादोनले सुटस." पाणी प्याला. आत्या दारात उभी होती, डोक्यावर पदर. शेवटी त्यानं जमिनीकडे बघत सांगितलं, "घरमा कोनी बोलनारं नही. म्हनीसन मी ड्युटी जास्त मांगी लेस."

निघताना त्याला दारात आडवं पडलेलं डाळीचं पोतं दिसलं. त्यानं ते न विचारता उचललं, कोपऱ्यात नीट उभं केलं, हात झटकले. "येता सोमवारले येस मी. मंग सांगा," म्हणाला आणि गेला.

आत्या त्या पोत्याकडे बघत राहिली. मी बघितलं ते. म्हणजे आत्या जाणार, हे मला त्याच क्षणी समजलं. आत्या गेली की या दोन खोल्यांत मी आणि आबा. आबा सकाळी सातला जात, संध्याकाळी सातला येत. मधले बारा तास मी कोणाला वाचून दाखवणार? माझे केस कोण विंचरणार? आईच्या वेळी मी लहान होते, मला कोणी काही विचारलं नव्हतं. या वेळीही विचारणार नव्हतंच. अर्थात असं सरळ मी मनाशी म्हटलं नाही. कादंबऱ्या वाचणाऱ्या मुली सरळ काही म्हणत नाहीत. मी म्हटलं, "टकल्या ड्रायव्हरशी आत्यानं लग्न करणं ही प्रेमाची विटंबना आहे." विटंबना हा शब्द त्याच आठवड्यात शिकले होते.

त्या आठवड्यात मी आणलेल्या कादंबरीची नायिका नेमकी तरुण विधवा होती. मी काही मुद्दाम निवडली नव्हती. काउंटरवरच्या त्या सर्दीवाल्यानं शिक्का मारताना पुस्तक उलटून पाहिलं आणि माझ्याशी आपलं तिसरं वाक्य बोलला, "याला शेवट नाहीये, चालेल?" मी लाजले. मला वाटलं, हा आमच्या दोघांबद्दल बोलतोय. "चालेल," मी खालच्या मानेनं म्हणाले आणि घरापर्यंत तरंगत गेले.

नायिकेचा पहिला नवरा गेलेला. एक शिक्षक तिला मागणी घालतो. त्याची बदली दूरच्या गावी झालेली, तो म्हणतो, अमुक दिवशी अमुक गाडीनं ये, मी त्या स्टेशनवर असेन. बास, एवढीच गोष्ट. जाते की नाही, यावर तीनशे पानं. आत्या त्या आठवड्यात एकदाही टोचून बोलली नाही. भांडी कोण घासतं हे विचारलं नाही. रोज दुपारी मी पुस्तक मिटलं की नुसतं म्हणे, "जास का नही ती?"

"अजून कळलं नाही."

"तुले काय वाटस?"

"मी कशी सांगू? पुढे वाचू तेव्हा कळेल."

रविवारी दुपारी आम्ही शेवटाला आलो. आबा मिलच्या कामाला गेले होते. आत्यानं सुपात डाळ घेतली. मी वाचू लागले. नायिका फलाटावर उभी आहे. गाडी आली. शिट्टी झाली. तिनं डब्याच्या दांडीला हात लावला. "तिने पाऊल उचलले आणि", इथं पान संपलं. मी पान उलटलं, तर पुढे पुठ्ठा.

बाइंडरनं पुस्तक नव्यानं बांधताना शेवटचा फर्माच, पानांचा एक अख्खा गठ्ठा, शिवला नव्हता. सोळा पानं गायब. पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला वाचनालयाच्या नियमांचा कागद डकवलेला होता. त्या मुलानं मला प्रामाणिकपणे सांगितलं होतं हो, याला शेवट नाही म्हणून. मीच मेली प्रेमात.

"मंग?" आत्या म्हणाली. "पाऊल उचलं, मंग?"

मी तिच्याकडे पाहिलं. ती सुपाकडे बघत होती, पण कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. उद्या सोमवार होता.

पानं नाहीत असं मी सांगू शकले असते. चार शब्दांचं काम. मी पुठ्ठ्यावरच्या नियमांवर नजर ठेवली आणि वाचू लागले. नियम पहिला, पुस्तक पंधरा दिवसांत परत करावे. मी म्हणाले, "आणि तिचे पाऊल हवेतच थांबले. तिला त्याचा, गेलेल्याचा, चेहरा आठवला." नियम तिसरा, पुस्तकावर खुणा करू नयेत. मी म्हणाले, "छे! हे हृदय एकदाच दिले जाते!" गाडी निघून गेली. ती घरी परतली. घरी एक पोरकी मुलगी तिची वाट बघत होती. ही पोरकी मुलगी तीनशे पानांत कुठंच नव्हती, मी तिला ऐन फलाटावरून आणली. ती मुलगी तिच्या गळ्यात पडली. मग नायिका आयुष्यभर त्या मुलीसाठी जगली, शेवटी आजारी पडली, मी तिला खिडकीशी झोपवलं, खिडकीबाहेर पारिजातक लावला, आणि नियम सातवा, हरवलेल्या पुस्तकाची भरपाई द्यावी लागेल, येईपर्यंत तिला सावकाश, गोड शब्दांत मारलं. पंचवीस मिनिटं तरी लागली असतील. माझाच आवाज ऐकून मला हुंदके येत होते. इतकं सुंदर मरण मी आजवर वाचलं नव्हतं.

आत्या उठली, डाळ डब्यात भरली, "पानी येवाना टाईम व्हयना," म्हणाली.

रात्री जेवताना मी कान देऊन बसले होते. एवढ्या मरणाला निदान तीन खडे यायला हवे होते. एकही आला नाही. आबा मुकाट जेवून उठले. मला मनातून राग आला. आत्याला साहित्याची जाणच नाही, असं ठरवून मी झोपले.

सोमवारी तो आला. खुर्चीच्या कडेवर बसला. आत्या दारात आली आणि म्हणाली, "नही जमाव." बस. त्यानं "बरं," म्हटलं. पाण्याचा पेला जपून खाली ठेवला. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. आबांना वाईट वाटलेलं दिसलं, पण बाईच्या तोंडचा शब्द आला होता, त्यावर काही बोलायची पद्धत नव्हती. तो गेल्यावर त्याच्या चपलांचा करकर आवाज गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू येत राहिला.

त्या दुपारी आम्ही काहीच वाचलं नाही. आत्या एकटीच ओट्यावर डाळ निवडत बसली. रात्री पहिल्याच घासाला आबांच्या दाताखाली खडा आला, मग दुसरा, मग तिसरा. आबांनी तिन्ही लोणच्याशेजारी ठेवले.

"आज कोन मरनं?"

आम्ही दोघीही हसलो नाही. मी म्हणाले, "आज पुस्तक नव्हतं, आबा." त्यावर आबांनी आत्याकडे एकदा पाहिलं आणि खाली मान घालून जेवले.

मी मात्र खूश होते. लपवून काय उपयोग? आपण एक शेवट रचला आणि त्यानं एक बाई थांबली, या गर्वात मी कितीतरी दिवस होते. पुढे आपणही कादंबरी लिहायची असं ठरवून एक वही केली. तीत पहिल्या पानावर नाव घातलं आणि उरलेल्या पानांवर आत्यानं धोब्याच्या कपड्यांचा हिशेब ठेवायला लावला.

दोन वर्षांनी माझं लग्न झालं, धुळ्याला. म्हणजे जिच्यासाठी आत्या थांबली ती पोरकी मुलगी दोन वर्षांत पेटी भरून चालती झाली. आत्यानं मला निरोप देताना केसांत बोटं घातली. "दर आठ दिनले धुवत जाय," एवढंच म्हणाली.

धुळ्यात गल्ल्यांना नंबर असतात. आमची खोली एका गल्लीत पहिल्या मजल्यावर होती, आणि खिडकीतून सरळ रेषेत दुसऱ्या टोकापर्यंत दिसायचं. कोण येतंय ते पाच मिनिटं आधी कळे. येत कोणी नसे. माझे हे सरकारी नोकरीत, साक्री, शिरपूर असे गावोगाव फिरतीवर. सोमवारी जात, शनिवारी येत. माणूस चांगला होता, घोटभर चहाला बारा वेळा "छान झालाय" म्हणे. पण आठवड्यातले पाच दिवस मी होते आणि भिंती होत्या. सुरुवातीला मी भिंतींना मोठ्यानं वाचून दाखवायचा प्रयत्न केला. "हाई बाई जेवस का नही?" असं कोणी मध्येच विचारत नसेल तर कादंबरी किती लांबते, ते मला तिथं कळलं. नायिका मरायची आणि मला काहीच वाटायचं नाही. मी एकटीची डाळ निवडायचे. ती स्वच्छ निघायची. दाताखाली कधी काही आलं नाही, आणि आलं असतं तरी विचारायला कोण होतं?

त्या दिवसांत कधी कधी मला ते वाक्य आठवे. घरमा कोनी बोलनारं नही. हे त्या टक्कलवाल्यानं जमिनीकडे बघत म्हटलं होतं तेव्हा मला ते किती गावंढळ वाटलं होतं! आता मला त्याचा अर्थ लागला होता, आणि तो लागावा म्हणून मला धुळ्याची खोली लागली.

तिथल्या वाचनालयात एक दिवस तेच पुस्तक हाती आलं. वेगळी प्रत, धड बांधणीची. मी तिथंच, कपाटाशी उभी राहून शेवट काढला. "तिने पाऊल उचलले आणि", पान उलटलं, "ती आत चढली."

बस. ती आत चढली. सोळा पानांत कोणी मरत नाही. गाडी चालते, खिडकीचे गज हाताला गार लागतात. तो स्टेशनवर आलेला असतो, तेही उशिरा. दोघं घरी येतात, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ती त्या परक्या स्वयंपाकघरात चहा करायला उभी राहते, तर तिला साखरेचा डबा सापडत नाही. ती सगळे डबे उघडून बघते. तो दारात उभा राहून सांगत नाही, नुसता बघतो. संपली कादंबरी. मी घेतलेला तिचा जीव लेखिकेनं घेतलाच नव्हता. पारिजातक नाही, पोरकी मुलगी नाही. मी कपाटाला टेकले.

पुढच्याच सोमवारी यांच्यापाठोपाठ मीही घराबाहेर पडले. पिशवीत ते पुस्तक. धुळ्याच्या स्टँडवर जळगावची गाडी लागलेली होती, आणि स्टिअरिंगवर तोच बसला होता. उरलेले केसही पिकले होते. गाडी सुटायला वेळ होता, तेवढ्यात एक बाई धावत आली. उंच, काळीसावळी. तिनं खिडकीतून त्याला पितळी डबा दिला आणि काही तरी सांगू लागली. सांगता सांगता स्वतःच हसली. तो मान तिच्याकडे करून ऐकत होता. कंडक्टरनं दोनदा घंटी दिली तरी ती बोलतच होती. त्यानं मला ओळखलं नाही. ओळखायला त्यानं मला पाहिलं कुठं होतं? मी दाराआडून पाहिलेलं. पारोळ्याला गाडी थांबली, सगळे चहाला उतरले. मी उतरले नाही. मांडीवर पुस्तक घेऊन बसून राहिले.

आत्या ओट्यावरच होती. सूप मांडीवर. केस कानापाशी पांढरे झालेले. मला बघून आधी माझ्या डोक्याकडे पाहिलं. "धुवत नही वाटस," म्हणाली.

मी चप्पल काढली, तिच्यासमोर बसले आणि काही प्रस्तावना न करता पुस्तक उघडलं. "आत्या, ती फलाटावरची आठवते? तिचा शेवट मी चुकीचा वाचला होता. आता खरा वाचते."

आत्यानं डाळ पसरली. मी वाचलं. सगळी सोळा पानं, एक-एक उलटत. फलाट, गज, उशिरा आलेला तो. साखरेच्या डब्यापाशी आल्यावर आत्याची बोटं थांबली.

"सापडनी का मंग साखर?"

"ते लिहिलेलं नाही."

"सापडी जाई," आत्या म्हणाली. "दोन दिन लागतस नवा घरमा."

मी रडायला लागले. आयुष्यात पहिल्यांदा नायिका जिवंत असताना. म्हटलं, "आत्या, तेव्हा पानंच नव्हती. मी मनानं रचलं ते. तुला फसवलं मी."

"माले माहीत शे."

"काय माहीत आहे?"

"मरता मरता तिले इतला वखत लागना, आन तू एक बी पान पलटावं नही." तिनं सुपातला एक काळा दाणा उचलून अंगणात टाकला. "माले वाचता येत नही. पन डोया शेतस ना माले."

मी विचारलं, "मग तू नाही का म्हणालीस त्याला?"

"तूच तं सांगं ना, नको जाऊ म्हनीसन."

"मी असं कधी म्हणाले?"

"पंचवीस मिनिट तेच सांगी ऱ्हायनी व्हती तू. पुस्तकमा नही ती पोर तू आनीसन तिना गयामा टाकी. मी काय इतली मूरख शे?" हे म्हणताना ती हसली, आणि तिच्या डोळ्यांत चिडल्याचं काहीही नव्हतं. ते असतं तर मला बरं वाटलं असतं. "तू सरळ म्हनती ना, आत्या नको जाऊ, तं मी तुले समजाडती आन जाती. तू तशी रडी रडी वाची ऱ्हायनी, मंग कशी जाऊ?"

नळाला पाणी आलं. आम्ही दोघींनी मिळून भरलं. मी तिला ड्रायव्हर दिसल्याचं सांगितलं नाही. डबा देणाऱ्या बाईचंही नाही. पण हंडा डोक्यावर घेताना तिनं आपणहून, माझ्याकडे न बघता विचारलं, "धुळानी गाडी येळेवर उनी का?"

"वेळेवर आली."

"चांगली चालावस तो," ती म्हणाली.

दिवे लागल्यावर आबा आले. मी अचानक कशी आले, यांना रजा आहे का, असं काहीही त्यांनी विचारलं नाही. हातपाय धुऊन पाटावर बसले. आत्यानं वरण-भात वाढला, वर तूप. पहिला घास. दुसरा. तिसऱ्याला कचकन आवाज आला.

आबांनी खडा काढला, लोणच्याशेजारी ठेवला आणि आम्हा दोघींच्या सुजलेल्या डोळ्यांकडे पाळीपाळीनं पाहिलं.

"आज कोन मरनं?"

आत्या भाताचं भांडं घेऊन उभी होती. "कोनी मरनं नही, भाऊ," ती म्हणाली. "गाडीमा बठी गई ती."